चौथा ठोका

४ मार्च, सोमवार

फजिती झाली आज. आणि ती माझी मीच करून घेतली, त्यामुळे चिडायचं तरी कुणावर!

ढमीने गाणं पाठवलं. लेकीचं कागदोपत्री नाव चांगलं आहे, पण लहानपणी दिसेल त्या डब्यावर ढमढम करत बसायची म्हणून घरात ती ढमीच. दुसऱ्या शहरात राहते, चौघांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. चार जाड तारा, सगळ्या गाण्याच्या खालून चालणारा सूर. तीन वर्षांत तिने आपण होऊन पहिल्यांदाच काहीतरी पाठवलं. गाण्याला नाव नाही, नुसते आकडे. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या दाराशी उभा राहिलो आणि फोन कानाला लावून ऐकलं.

संध्याकाळी तिचा फोन. "ऐकलंत का बाबा?" ऐकलं की, म्हटलं, फारच छान. "काय आवडलं?" मी म्हणालो, त्या गाणाऱ्या मुलीचा आवाज.

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिची गिटार मला ऐकूच आली नव्हती. खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोलावं माणसाने.

५ मार्च

हिने सकाळपासून तोंड फुगवलंय. "तीन वर्षांपूर्वीही तुम्ही हेच केलंत."

खरं आहे. ढमीचा पहिला कार्यक्रम होता. तो संपल्यावर तिच्या सगळ्या मित्रांसमोर मी म्हणालो होतो, "तू होतीस ना गं स्टेजवर? वाजवलेलं काही ऐकू नाही आलं." थट्टा केली होती. सगळे हसले, ती नाही हसली. त्यानंतर घरी आली की गिटार आणायची नाही. विषय निघाला तर उठून जायची.

रविवारी, सतराला, ती दोन दिवसांसाठी येतेय. तोवर मला तिचं वाजवणं ऐकायचंय. नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

६ मार्च

कान तसे कामातून गेलेले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगितलं होतं, "वरचे बारीक आवाज गेले, खालचे जाड आवाज शाबूत आहेत." दाराची बेल ऐकू येत नाही, पण कुठली मोटर बिघडणार ते अख्ख्या कारखान्यात मला सगळ्यांआधी कळतं. म्हणजे ढमी वाजवते तेच तर मला ऐकू यायला हवं! विचारलं ऑफिसातल्या बाईंना. म्हणाल्या, "अहो, फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस येतो कुठे? चांगले हेडफोन घ्या. बेस दणकट असलेले."

म्हणजे दोष कानाचा नाहीच. दिवसभर शीळ घालत काम केलं. शीळ मला ऐकू येत नाही, इतरांना आली. तक्रारही आली.

८ मार्च

पहिलं दुकान. विक्रेत्याने डोक्यावर हेडफोन चढवला आणि "काका, बेस बघा" म्हणत काहीतरी लावलं. गदागदा हललो. मग ढमीचं गाणं लावलं, तर नुसतं गुबगुब गुबगुब. सूर कुठला, ठोका कुठला, काही पत्ता नाही.

म्हटलं, हा बेस नाही, फाउंडेशनचे बोल्ट सैल आहेत याचे. विक्रेता म्हणाला, काका, लोकांना असाच आवडतो. लोकांना आवडू दे.

९ मार्च

दुसरं दुकान. इथे उलटा प्रकार. आवाज स्वच्छ, पण खाली काहीच नाही. पीठ चाळून चाळून चाळणीतच ठेवल्यासारखं. परत आलो.

ही म्हणते, लग्नाच्या वेळी मला बघायला दहा मिनिटं पुरली होती तुम्हाला. मी म्हटलं, तेव्हा कान चांगले होते. रात्रीचं ताट माझं मीच वाढून घेतलं.

११ मार्च, सोमवार

तीन नंबरच्या जागेवर आता नुसता चौकोन उरलाय, तेलाने काळा पडलेला. पुठ्ठ्याची खोकी कापणारं जुनं मशीन. सत्तावीस वर्षं मीच सांभाळलं. ठोके लंगडत पडायचे, पण खोकी अचूक कापायचं. गेल्या वर्षी भंगारात काढलं. ढमी शाळा सुटली की इथेच यायची, माझ्या टेबलापाशी बसून गृहपाठ करायची. ही कामावरून येईपर्यंत रोज दोन तास.

तिथे उभा असताना सुचलं. मशीन तपासताना आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवतो. चांगलं बेअरिंग कसं बोलतं आणि खराब कसं, ते त्यातून कळतं. नव्या लोकांना शिकवायला दोन पंपांचे आवाज फोनवर घेऊन ठेवलेत, एक चांगला, एक बिघडत चाललेला. हेडफोनची परीक्षा त्यावरच घ्यायची! गाणं काय, कुठल्याही हेडफोनवर गोडच लागतं.

१३ मार्च

मिळाला!!

तिसरं दुकान. मालकीणबाई चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. विचारलं, "कुठल्या प्रकारचं गाणं ऐकता?" मी म्हटलं, पंप. त्यांनी चष्मा खाली घेतला.

पण बाई अस्सल दुकानदार. एकामागून एक सात हेडफोन काढले, हसल्या नाहीत. सहांमध्ये दोन्ही पंप सारखेच घुमले. सातवा काळा, जाड गाद्यांचा, दिसायला अगदीच सामान्य. कानावर बसवला आणि पहिला पंप गुळगुळीत, दुसऱ्यात खाली बारीक खरखर! जड आवाज जड, तरी त्यातलं सगळं सुटं सुटं. बाईंना ऐकवलं. "अय्या, खरंच की," म्हणाल्या.

मग ढमीचं गाणं लावलं. आणि ती आली. सगळ्यांच्या खालून, पावलं टाकत. गाणारी मुलगी, ड्रम, सगळे तिच्या आधारावर उभे होते. माझी पोरगी सगळं गाणं खांद्यावर घेऊन चालली होती आणि मी विचारलं होतं, तू होतीस ना स्टेजवर.

रडलो मी दुकानात. बाईंनी पाणी दिलं. निघताना त्यांच्या पंख्याचं बेअरिंग बदलायला आलंय, तेही सांगून आलो.

१५ मार्च

वीस वेळा ऐकलं. पाठ झालं. आणि आता नवीन पंचाईत.

ढमी चुकते. तीन ठोके बरोबर पडतात, चौथा किंचित उशिरा. एकदा नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक वेळी. हेडफोनचा दोष असेल म्हणून उलटसुलट करून पाहिलं. नाही, तिचाच आहे.

हिला सांगितलं. "खबरदार," म्हणाली. "या वेळी तोंड उघडलंत तर पोरगी पुन्हा काही पाठवायची नाही."

१६ मार्च

नुसतं छान म्हटलं तर तिला वाटेल, म्हाताऱ्याने याही वेळी ऐकलं नाही. चूक सांगितली तर तीन वर्षांची सहा होतील. पण सत्तावीस वर्षांत बिघाड ऐकून मी गप्प बसलेलो नाही. आणि मी ऐकलं, याचा दुसरा पुरावा माझ्याकडे नाही.

१७ मार्च, रविवार

सांगितलं. "बेटा, तुझा चौथा ठोका दर वेळी उशिरा पडतो." हिने कपाळावर हात मारून घेतला.

ढमी माझ्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "बाबा, तीन नंबरचाही पडायचा की."

गाण्याचं नावही तेच ठेवलंय तिने, 'तीन नंबर'.