तिसऱ्या क्रमांकावर ताई

२ जानेवारी

यंदा नवे अल्बम वेळच्या वेळी ऐकायचे. गेल्या वर्षी सगळे साठले आणि आमच्या गाणी ऐकणाऱ्यांच्या ग्रुपवर यादी टाकायच्या दिवशी मी कव्हरं बघून क्रमांक दिले. कुणाच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं. यंदाची पद्धत: रोज एक अल्बम. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्ये फोन बघायचा नाही. प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण. मार्चअखेर 'वर्षाच्या सुरुवातीचे माझे आवडते पाच अल्बम' ही यादी तयार.

ग्रुपवर 'अल्बम' हा शब्द लोक वाटेल तसा लिहितात. त्याकडे दुर्लक्ष करायचं, हाही संकल्प.

५ जानेवारी

एक अल्बम पूर्ण ऐकला. म्हणजे बारापैकी तीन गाणी. पण तीन गाण्यांत माणूस कळतो. ग्रुपवर एकाने 'आल्बंम' लिहिलं. दुरुस्त केलं. अनुस्वार कशासाठी होता देव जाणे.

११ जानेवारी, रविवार

ताई आली होती. तिच्या अल्बमचं पक्कं झालं. सहा गाणी, सगळी तिनेच रचलेली आणि गायलेली. पुढच्या महिन्यात येणार. दिवसभर दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायचं, घरी जाऊन सासरच्यांचं बघायचं, यात हिने हे कधी केलं कळत नाही. आई म्हणाली, सहाच का गं? लोक दहा-दहा करतात. ताई म्हणाली, आई, अंडी नाहीत ती, डझनावर मिळायला.

मग मला म्हणाली, तू नीट ऐकायचंस आणि खरं सांगायचंस. भावासारखं नको. ग्रुपवर दुसऱ्यांचं लिहितोस ना, तसं. तुझ्याइतकं बारकाईने कुणी ऐकत नाही. मी मान हलवली. जबाबदारी आली.

कव्हरवरचा मजकूर तिथल्या तिथे तपासून दिला. 'संगित' आणि 'विषेश' अशा दोन चुका काढल्या. 'विशेष आभार'मध्ये मीही आहे. शुद्धलेखनाबद्दल असणार. तपासायच्या आधीच आभार मानले, हा ताईचा विश्वास.

७ फेब्रुवारी

ताईचा अल्बम आला. सकाळी उठतो तोच तिचा मेसेज: आला! मी लगेच लिहिलं: ऐकतोय.

ऐकायच्या बेतातच होतो. पण माझ्या इअरफोनचा एक कान महिन्याभरापासून बंद आहे. सख्ख्या बहिणीची दोन वर्षांची मेहनत एका कानाने ऐकायची? अपमान आहे तो. नीटच ऐकायचा. घाई नाही.

९ फेब्रुवारी

जागा सापडली, आणि ती माझ्या नाकासमोर होती. मी कानाच्या मशीनच्या दुकानात कामाला आहे. मशीनमधला मळ काढणं, बॅटऱ्या बदलणं, मशीन उलट्या कानात घातलेल्यांना सुलट करणं, ही माझी कामं. कान तपासतात मॅडम. त्यासाठी आत एक काचेचं दार असलेली छोटी खोली आहे. भिंतींना जाड स्पंज. दार लावलं की आपला श्वाससुद्धा दुसऱ्याचा वाटतो. आणि तिथले हेडफोन! गिऱ्हाइकाला त्यातून नुसतं 'टूं' ऐकवतात. वाया जातात बिचारे.

मॅडम दुपारी घरी जेवायला जातात. उद्या.

१० फेब्रुवारी

खोलीत बसलो. दार लावलं. हेडफोन चढवले. फोन जोडला. डोळे मिटले, कारण गाणं डोळे मिटून ऐकावं.

मॅडमनी उठवलं. त्यांच्या मागे तपासणीला आलेले एक आजोबा उभे होते. मॅडम म्हणाल्या, या काकांना ऐकू येत नाही म्हणून ते इथे आलेत. मी पाच मिनिटं काचेवर ठोकतेय, तुझं काय? आजोबा अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, झोपू द्या हो त्याला! मी बसतो! मॅडम म्हणाल्या, तुम्ही बसायचंच आहे, पण तो बसलाय तिथे.

खोली वापरायला बंदी.

नोंद: पहिल्या गाण्याची सुरुवात अतिशय शांत आहे. दहापैकी नऊ.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. दारातच चप्पल काढताना विचारलं, ऐकलास? म्हटलं, ऐकतोय अजून. एकदा ऐकून मत द्यायचं नसतं. ती खूश झाली. आईला म्हणाली, बघ, याला म्हणतात ऐकणं.

आईने सहाही गाणी ऐकलीत. भांडी घासताना! मला हे पटलं नाही, तसं बोललो. आई म्हणाली, शेवटचं लागलं आणि माझ्या हातून कप पडला रे. म्हटलं, म्हणूनच भांडी घासताना ऐकू नये. ताई माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. कशाला, ते कळलं नाही.

ती गेल्यावर आईला विचारावंसं वाटलं की शेवटच्या गाण्यात आहे काय. पण विचारलं असतं तर मी ऐकलेलं नाही हे कळलं असतं. एक-दोन दिवसांचा प्रश्न आहे. ऐकूनच टाकतो.

१ मार्च

आतापर्यंत यंदाचे एकोणीस अल्बम झाले. नवी पद्धत: प्रत्येक गाण्याची पहिली तीस सेकंदं. गाण्यात जे काही असतं ते सुरुवातीलाच असतं. 'लिफ्ट बंद आहे' नावाचा एक अल्बम मात्र पूर्ण ऐकला. त्यात एक माणूस बंद लिफ्टमध्ये बसून गुणगुणतो, मध्ये मध्ये घंटी वाजते. दोनदा ऐकला. विलक्षण.

ताईचा बाजूला ठेवलाय. तुलना करायची तर आधी बाकीचे ऐकून व्हायला हवेत. यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही, हे आज चालत घरी येताना स्वतःला नीट समजावलं. रस्ता संपला तरी समजावणं संपेना, म्हणून आणखी एक चक्कर मारली. त्या चकरेत ऐकता आला असता, हे घरी आल्यावर सुचलं.

८ मार्च

काल ताईचा फोन घेतला नाही. माझ्या आवाजावरून तिला लगेच कळतं. लहानपणी मी काही फोडलं की मी 'ताई' म्हणायच्या आत ती झाडू घेऊन यायची. नंतर मेसेज केला: दुकानात गर्दी होती. दुकानात दोनच माणसं होती आणि त्यांना ऐकू येत नव्हतं.

आता गोष्ट अशी झाली आहे की अल्बम नुसता ऐकून चालणार नाही. महिनाभर ऐकतोय म्हणून सांगितलंय, तर महिनाभर ऐकल्यासारखं काहीतरी समजायला हवं. दडपण आलंय. दडपणाखाली ऐकलं तर मत बिघडतं. दडपण गेल्यावर ऐकेन.

२८ मार्च

उद्या यादी. आज रजा घेऊन लिहायला बसलो.

ताईला कितवा क्रमांक? पहिला दिला तर लोक म्हणणार, बहीण आहे. पाचवा दिला तर ताई म्हणणार, बहीण आहे ना? तिसरा. पहिला अर्थात 'लिफ्ट बंद आहे'.

ताईबद्दल लिहिलं: 'सुरुवात धाडसी शांततेची. आवाजात ओल आहे. गाणी एकमेकांचा हात धरून चालतात.' तीनदा वाचलं. छान झालंय. पण कौतुकच कौतुक. ती म्हणाली होती, भावासारखं नको. शिवाय नुसतं कौतुक बघून कुणालाही शंका येईल की यानं ऐकलंय तरी का. दोष दाखवणाऱ्यावर अशी शंका कुणी घेत नाही.

तेव्हा हेही लिहिलं: 'शेवटचं गाणं मात्र नसतं तरी चाललं असतं. तिथे गायिका भावनेच्या आहारी गेली आहे. निदान शेवटचा भाग तरी कापायला हवा होता.' हे निर्धास्त लिहायला हरकत नाही. आजवर ऐकलेल्या प्रत्येक अल्बमचं शेवटचं गाणं असंच निघालं आहे. म्हणजे असणार.

आधी एकदा ऐकून घ्यावं, असं वाटलं होतं. पण मग सगळं पुन्हा लिहावं लागलं असतं.

२९ मार्च, रविवार

यादी टाकली. एकही चूक नाही.

केमिस्टने, म्हणजे ग्रुपच्या अ‍ॅडमिनने (त्याचं औषधांचं दुकान आहे), लिहिलं: याला म्हणतात निःपक्षपातीपणा. सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही पठ्ठ्याने! विसर्ग बरोबर दिला होता त्याने. मन भरून आलं.

ताई आज आली नाही. यादीवर तिने नुसता अंगठा टाकलाय.

३० मार्च

दुकानात ताईचा फोन. मॅडम समोर होत्या, तरी घेतला.

म्हणाली, खरंच कापायला हवा होता शेवटचा भाग? म्हटलं, प्रामाणिकपणे सांगू? ती म्हणाली, प्रामाणिकपणेच सांग. इथे मला बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. पण दीड महिना, यादी, केमिस्ट. म्हटलं, हो.

 मागे दातांच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. मग म्हणाली, तुला लाज वाटली का रे ऐकून? मला प्रश्न नीट कळला नाही. म्हटलं, लाज असं नाही, पण कानाला खटकतं. ती म्हणाली, बरं. तुला न विचारता घातलं, ते माझंच चुकलं. तुझा कान चांगला आहे. ठेवते.

किती मोठं मन! कलाकाराने टीका अशी घ्यावी.

दुपारी जेवण गेलं नाही. डबा तसाच परत आणला. आईला म्हटलं, भूक नव्हती.

४ एप्रिल

आज ठरवून बसलो. ऐकायचाच. उघडला. गाणी पाच.

पुन्हा उघडला. पाच. फोन बंद करून चालू केला. पाचच.

आईला म्हटलं, ताईच्या अल्बममध्ये एक गाणं कमी दिसतंय. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, काढून टाकलं तिने. अल्बम काढणाऱ्या कंपनीला लिहिलं, परवा काढलं त्यांनी. तुला आवडलं नाही म्हणाली. काय रे एवढं नावडण्यासारखं होतं? मला तर बाई तेच आवडायचं. तुझाच तर आवाज होता शेवटी.

म्हटलं, माझा?

आई म्हणाली, मग कुणाचा? चार वर्षांचा होतास. ती टेप लावून गाणं बसवायची आणि तू मध्ये तोंड घालायचास, आता मी, आता मी. मग दिलं तिने तुला गायला. एवढी वर्षं ती टेप जपून ठेवली होती पोरीने. अख्खं कडवं म्हटलंयस. बेसूर म्हणजे किती बेसूर! कप उगीच नाही पडला माझ्या हातून.

मी घड्या घालायला मदत केली. आईने त्या सगळ्या परत उलगडून घातल्या.

५ एप्रिल, रविवार

सांगून टाकायला ताईकडे गेलो. वाटेत वाक्यं तयार केली. ती स्वयंपाकघरात ओट्याखाली शिरून गळका नळ दुरुस्त करत होती. बाहेर नुसते पाय.

पायांना म्हटलं, ताई, ते गाणं परत घाल. आतून म्हणाली, कोण म्हणतं? म्हटलं, मी. म्हणाली, आई बोललेली दिसतेय. नको. माझं मन राखायला आता काही बोलू नकोस. आधी लिहिलंस तेच खरं होतं.

म्हटलं, ताई, मी ते ऐकलंच नव्हतं. एकही गाणं ऐकलेलं नाही.

पान्याचा आवाज थांबला. मग ती हसायला लागली. आतून, ओट्याखालून, खूप वेळ. म्हणाली, शहाण्या, दोन महिने ऐकत होतास तू. आवाजात ओल आहे म्हणून लिहिलंस, ते मी दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि आता मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःवर घेतोस? खोटं बोलायला येत नाही तुला, नको बोलूस. ती पातळ वायसर दे इकडे.

म्हटलं, खरंच सांगतोय गं. म्हणाली, हो हो. वायसर.

दिली. म्हटलं, निदान एकदा ते गाणं तरी ऐकव. म्हणाली, तुला लाज वाटते ना, मग कशाला? तुला छळायला नव्हतं केलं मी ते. नळ सुरू करून बघ बरं.

नळ गळायचा थांबला होता.

निघताना म्हणाली, पुढचं काही केलं तर आधी तुला ऐकवीन, मग बाहेर काढीन. मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण मी सांगितलं आहे, हे इथे नोंदवून ठेवतो. तिने मानलं नाही, हा वेगळा मुद्दा.

६ एप्रिल

नवे इअरफोन आणले. दोन्ही कान चालू. घराच्या पायरीवर बसलो, जागेपणी, डोळे उघडे ठेवून, आणि ताईचा अल्बम सुरुवातीपासून ऐकला. पहिलं. दुसरं. तिसऱ्याला उठून पाणी प्यावंसं वाटलं, नाही प्यायलो. चौथ्यात ती एका शब्दावर थांबते, तिथे मीही थांबलो. पाचवं संपलं.

आणि सहावं सुरू झालं.

ताईने परत घातलं! मला न सांगता घातलं. हुंदकाच आला. आई दारातून म्हणाली, काय झालं रे? मी हाताने तिला थांबवलं. आता माझा आवाज येईल, आता येईल, म्हणून श्वास रोखून बसलो. काय सुंदर गायली आहे, हे तर पाचांहून वरचढ, असं वाटत होतं. दोन कडवी झाली तेव्हा लक्षात आलं, की ही ताई नाही. अल्बम संपला की फोन आपोआप दुसऱ्या कुणाचं तरी गाणं लावतो.

गाणं शेवटपर्यंत ऐकलं.