जेवणाआधी मिटलेले डोळे

११ जानेवारी, रविवार. भोर

आणि वर हे मलाच विचारतात, तुला काय झालं तोंड फुगवायला. फुगवू नको तर काय करू? सुट्टीवर गावी आल्यापासून आज तिसऱ्या चर्चच्या मंडळीत तोच फोटो. पडद्यावर एवढा मोठा. अक्षय आमच्या तिबिलिसीच्या स्वयंपाकघरात बसलाय, पुढं ताट, हात जोडलेले, डोळे मिटलेले. हे माईक धरून सांगतात, "वेल्ह्याच्या डोंगरातला हा पोरगा डॉक्टर व्हायला जॉर्जियाला आला, आणि आमच्या टेबलाशी त्यानं प्रभूला स्वीकारलं." सगळी मंडळी हालेलुया. म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. शेजारची मला कोपरानं ढोसते, "धन्य आहात हो पाळकबाई."

कसली धन्य. त्या दिवशी पिठलं वाढत मी त्याच्या डोक्याशी उभी होते. शाळेत शिकवलेला जेवणाआधीचा श्लोक म्हणत होता तो. पुटपुटत. चार महिन्यांनी भाकरी बघितली, आपोआप तोंडात आला म्हणाला. मी हसले. म्हटलं, म्हण की बाबा, थंड होण्याआधी म्हण म्हणजे झालं. आमच्या रूथनं तेवढ्यात मोबाईल काढला. हे त्या वेळी घरातच नव्हते.

१२ जाने., सोम.

सकाळी चहाला सांगितलं. अहो, ती प्रार्थना नव्हती, श्लोक होता.

हे बशीत बघत बसले. मग म्हणाले, "शांता, त्याचे आजोबा गेले तेव्हा त्यानं माझ्याबरोबर गुडघे टेकले. ते पण खोटं?"

खोटं नाही. मी होते तिथं. पोराला मातीला जाता येईना, ढसाढसा रडला. ह्यांनी खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि तो आमेन म्हणाला. पण रडणाऱ्यानं खांदा धरला म्हणजे तो तुमच्या घरात राहायला आला का?

"तू चौथी शिकलेली. रिपोर्ट कसा लिहायचा ते मला नको सांगू."

"चौथीच्या आत दहाच्या दहा आज्ञा पाठ होत्या माझ्या. खोट्या साक्षीची त्यात आहे. तुम्ही बी.ए. झालात, तुमची गळाली का?"

चहा अर्धा टाकून गेले.

फोटो प्रार्थनापत्रात पण आहे. दर महिन्याला काढतात ते, कुठं काय काम चाललंय, कशासाठी प्रार्थना करा. छापून टपालानं आणि मोबाईलवर सगळ्या मंडळ्यांना. जानेवारीचं गेलंसुद्धा. खाली नाव, तालुका, कॉलेजचं कितवं वर्ष. चपलेचा नंबर तेवढा लिहायचा राहिला.

१३ जाने.

रूथला विचारलं. सोळा वर्षांची आहे, सगळं कळतं तिला.

"आई, मी फक्त फोटो काढला. खालचं बाबांनी लिहिलं."

"वाचलंस तेव्हा बोलली का नाहीस?"

"तू तरी कुठं वाचतेस प्रा.पत्र?"

खरं आहे. सहा वर्षं झाली परदेशात, एक पण वाचलं नाही मी. मला वाटायचं, त्यात माझ्या भाकऱ्यांचंच असणार. दर रविवारी वीस-बावीस पोरं. कोण लातूरचं, कोण नगरचं. ह्यांचं गिटार, ह्यांची गोष्ट, मग जेवण. कितीजण गोष्टीला येतात आणि कितीजण जेवायला, मी कधी विचारलं नाही. विचारायचं पण नसतं.

दाढ ठणकतेय. तिकडं जायच्या आधी काढून घ्यायला पाहिजे. तिथल्या डॉक्टरला दाढ म्हणजे काय हे हातवारे करून कोण सांगत बसणार.

१६ जाने., शुक्र.

अक्षयची आई आली. मंगल. मोबाईलवर बघितली होती, समोर पहिल्यांदाच. पहाटेच्या एसटीनं निघाली, चेलाडीला गाडी बदलली, पिशव्या सांभाळत उन्हं वर यायच्या आत दारात. नाचणीचं पीठ, खुरासणीची चटणी, मुलाचा स्वेटर. आमच्या बॅगेतून न्यायला. हे माझंच आमंत्रण. डिसेंबरात मीच फोनवर सांगितलं होतं, जे द्यायचं ते आणून दे.

दोन दिवस शिळा तीळगूळ पण आणला होता. "गोड बोला वो ताई." ह्यांच्या हातावर ठेवला. ह्यांनी खाल्ला. मग मीटिंग आहे म्हणून बाहेर पडले. मीटिंग नव्हती.

मंगल म्हणाली, "तुमी हायसा म्हणून मला झोप लागती. न्हाईतर एवढ्या लांब पोरगं धाडून कुठली आय झोपंल?"

तिला काहीच माहीत नाही.

मी सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलं दोनदा. एकदा म्हटलं, अजून भात घे. एकदा म्हटलं, गाडी कितीला आहे तुझी? मी, जी कुणाला सोडत नाही. स्टँडपर्यंत सोडायला गेले, खिडकीतून हात हलवला तिनं. घरी येऊन ती पिठाची पिशवी उचलवेना.

२० जाने., मंगळ.

मंगलचा फोन. तिचा भाऊ शिवऱ्याला हॉटेलात कामाला. तिथं कुणीतरी मोबाईलवर ते प्रार्थनापत्र दाखवलं, हा तुझा भाचा न्हवं का. संध्याकाळपर्यंत गावभर.

तिनं ओरडा केला नाही. तो केला असता तर बरं.

"ताई, म्या तुमच्या दारात आले, तवा तुमाला ठावं व्हतं?"

मी म्हटलं, होय.

तिनं ठेवला फोन.

२१ जाने., बुध.

अ.चा फोन आला. पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे त्याची. वडील म्हणतात कॉलेज सोड, परत ये. होस्टेलवरची मराठी पोरं त्याला पास्टर पास्टर म्हणून चिडवतात. एकानं मेसमध्ये हात जोडून विचारलं, महाराज, डाळीला आशीर्वाद देता का, कच्ची आहे.

हसायला आलं मला. तो पण जरा हसला.

मी म्हटलं, अक्षय, तू खरं सांग मला. काकांशिवाय कुणाला सांगणार नाही.

"काकू, मी भाकरीसाठी यायचो. पण काकांचं बोलणं पण आवडायचं, खोटं कशाला बोलू. कधी कधी खोलीवर जाऊन त्याचा विचार करायचो. कुठं पोचलोय ते मलाच माहीत नाही अजून. पोचलो असतो तर पहिलं आईला सांगितलं असतं. काकांनी मला न विचारताच पोचवून टाकलं."

अभ्यास कर म्हटलं. जेवलास का म्हटलं.

२२ जाने.

ह्यांना अ.चा शब्द न् शब्द सांगितला. भिंतीकडं बघून ऐकत होते. म्हटलं, एक तारखेला रविवारी चर्चमध्ये आपल्या निरोपाची भक्ती आहे. त्यात उभं राहून सांगा, माझ्याकडून चूक झाली, हा मुलगा ख्रिस्ती झालेला नाही. आणि पुढच्या प्रा.पत्रात तेच छापा.

"असं एकदा मागं घेतलं की लोक म्हणतील, बाकीचे पण असेच असतील."

"मग बाकीचे पण तपासा."

तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते मला बघवलं नाही. हा माणूस लबाड नाही. अ.चं अपेंडिक्स दुखायला लागलं, लिफ्ट बंद, बाहेर बर्फ, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन चार मजले उतरला. आठ दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी बसला. त्यांना वाटतंच की पोरगं प्रभूचं झालंय. एवढा जीव लावला म्हणजे झालंच असणार. तिथंच चुकलं त्यांचं.

भोरच्या म्हाताऱ्या पाळकांना मध्ये घातलं मी. ते म्हणाले, "शांताबाई, थोडे दिवस जाऊ द्या. निवळेल." म्हटलं, पाळकसाहेब, फोडाला थोडे दिवस दिले की तो निवळत नाही, पिकतो. ते हसून म्हणाले, तुमच्याशी बोलायचं म्हणजे पगडी सांभाळून.

ते पगडी घालत नाहीत.

२४ जाने., शनि.

वेल्ह्याला गेले. एकटी. ह्यांना सांगून गेले, चला म्हटलं, नाही आले.

गाव स्टँडपासून पुढं, चालत अर्धा तास. वाटेत दोघींनी विचारलं, कुणाकडं? सांगितलं तर एकमेकींकडं बघितलं. मंगल ओट्यावर पावटा सोलत होती. या म्हणाली नाही. पण पाण्याचा तांब्या ठेवला.

अ.चे वडील, चुलता, दोघं आत. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. फोटो कधीचा, कोण काय म्हणत होता, कुणी काय लिहिलं. माझ्या नवऱ्याची चूक आहे, आणि मंगल आली तेव्हा गप्प बसले ही माझी.

चुलता म्हणाला, "तुमी लोकं जेवू घालता आन् मग पावती फाडता."

 

वडील शांत माणूस. म्हणाले, "बाई, तुमी आलासा, चांगलं केलं. पण तुमी सांगून काय व्हतंय? ज्यानं चार लोकांत बोललं त्यानंच चार लोकांत मागं घ्यावं. आन् आमाला लेखी द्यावं. एक तारखेपर्यंत वाट बघतो. न्हाईतर पोराला निघून ये म्हणून सांगतो. डाक्टर न्हाई झाला तरी चालंल."

 मंगल मला वाटेपर्यंत सोडायला आली तेव्हा बोलली. "त्यो उद्या खरंच तुमच्या देवाला हात जोडाया लागला, तर म्या रडंन, भांडंन, पर ऐकून घीन. त्यानं सांगावं. कागदानं न्हाई सांगायचं मला."

ताई म्हणाली नाही ह्या खेपेला.

२६ जाने., सोम.

सगळं सांगितलं ह्यांना. मुलाचं तिसरं वर्ष आहे, तुमच्या एका वाक्यापायी जाईल.

"मी प्रार्थना करतोय."

"दोन दिवस करताय. उत्तर आलं नसेल तर माझं घ्या."

रूथ हसली आणि मग रडली.

२७ जाने.

भाटघरला सभा. मी मुद्दाम पुढं बसले. तो फोटो दाखवला नाही. बर्फाचा दाखवला, पोरांच्या नाताळाचा दाखवला, त्यात तोंडं ओळखू येत नाहीत. अ.चं नाव नाही. मला वाटलं आता बोलतील. माईक तोंडाशी नेला. आणि गाणं सुरू केलं.

येताना टेम्पोत म्हणाले, "काढला ना फोटो. झालं का समाधान?"

फोटो काढून टाकला म्हणजे बोललेलं परत तोंडात गेलं का? गावातली माणसं काय तुमच्या पडद्यावर राहतात?

हे मनातच म्हटलं. टेम्पोवाल्यासमोर कशाला.

२८ जाने.

दाढ काढली. बोलता येत नाही. घरात सगळे खूश.

२९ जाने., गुरु.

अ.चा मेसेज रूथच्या मोबाईलवर. उद्या पहिला पेपर. वडिलांचा रोज फोन येतो, पुस्तक उघडलं की अक्षरं पळतात म्हणतो. काकांनी ठरवलं का काही?

दाढेमुळं अजून तोंड नीट उघडत नाही, म्हणून बोलण्यापेक्षा लिहून दिलं. ह्यांच्या हातात दिलं, समोर उभी राहिले, वाचून होईपर्यंत हलले नाही. काय लिहिलं ते हितं उतरवून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको मी भलतंच बोलले.

अहो,

सव्वीस वर्षांत तुम्ही जा म्हणालात तिथं आले. भाषा येत नसलेल्या देशात आले. तक्रार केली, पण आले. कामावर माझा विश्वास आहे, अजून आहे. म्हणूनच सांगते, ते ह्या पायावर उभं राहायचं नाही. पोरं आपल्या घरात चप्पल काढून येतात, आपल्यापुढं रडतात. त्यांचं रडणं त्यांचं आहे. ते आपण छापायचं नाही.

रविवारी तुम्ही मंडळीपुढं उभं राहून सांगा, आणि अक्षयच्या वडिलांना सहीनिशी लिहून द्या. एवढं केलंत तर मंगळवारी विमानात मी तुमच्या शेजारी असेन आणि ह्या गोष्टीवरून तुम्हाला कधी टोमणा मारणार नाही. बाकीच्या गोष्टींवरून मारेन.

नाही केलंत तर मी येत नाही. रूथला विचारा, तिचं ती ठरवेल. मी हितंच राहीन, आणि रविवारी मीच उभी राहून सांगेन. मला माईक धरता येत नाही, पण आवाज आहे.

मला प्रार्थना करतोय असं सांगू नका. हो किंवा नाही, एवढंच. शनिवारी दिवे लागायच्या आत.

शांता