पहिल्या वाढदिवसाच्या कॅसेटी

३ जुलै २०००, लातूर
मिळाल्या! डॉक्टर मॅडमच्या ऑटिझमच्या अभ्यासासाठी चांदपाशामामूंच्या स्टुडिओत एकवीस कॅसेटी, सगळ्या पहिल्या वाढदिवसाच्या. मामू सांगत होते, भूकंपानंतर लोक आठवण राहावी म्हणून बारीकसारीक कार्यक्रमाचंही शूटिंग करायला लागले. आता घरोघरी जाऊन परवानगी घ्यायची.

६ जुलै
परवानग्या झाल्या. मॅडमनी पद्धत समजावली: ऑटिझमची चिन्हं पहिल्या वर्षीच दिसतात का, ते बघायचं. त्यांच्याकडे येणाऱ्या ऑटिझमच्या सहा मुलांच्या कॅसेटी बाकीच्यांत मिसळल्या. कुठली कुणाची, मला सांगणार नाहीत. मी फक्त मोजायचं — हाक मारली की बाळ बघतं का, बोटानं काही दाखवतं का, माणसाच्या तोंडाकडे किती वेळा बघतं.
आज स्टुडिओत बसून चार झाल्या. एका पोरीनं केकवर बसकणच मारली. मी आणि मामू हसून बेजार!

११ जुलै
अकरा नंबर. निळ्या झबल्यातलं बाळ आजीच्या मांडीवर. आजी नऊ वेळा हाक मारते. एकदाही मान वळत नाही. नजर फिरत्या पंख्यावर.

१९ जुलै
कुठला नंबर कुणाचा, ते मॅडमनी सांगितलं. अकरा म्हणजे सत्यम, त्या सहा मुलांपैकी एक. त्याची आई सिंधुताई कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतात. तो दीड वर्षाचा असताना त्या कामाला लागल्या, म्हणून पोरगं बोललं नाही — रेणापूरच्या सासूबाई, साखराबाई, पाच वर्षं हेच म्हणत आल्यात.

२२ जुलै
मॅडमनी दोघींना बोलावून कॅसेट दाखवली. एका कॅसेटवरून निदान होत नाही, हेही बजावलं. साखराबाईंनी तीनदा मागे घ्यायला लावली. मग हळूच म्हणाल्या, "मीच हाका मारायले की. तवाच बघत नव्हता."
मॅडम म्हणाल्या, यात कुणाचीच चूक नाही. सिंधुताई रडता रडता हसायला लागल्या. क्लासला सुट्टी कळवली आणि सत्यमला, मला घेऊन थेट गंजगोलाईच्या बाजारात भजी खायला! सत्यम कढईतले बुडबुडे बघून टाळ्या पिटत होता. इतकी भजी मी जन्मात खाल्ली नव्हती.

२ ऑगस्ट
साखराबाई एसटीनं आल्या. कडेवर त्यांच्या लेकीची लेक, दहा महिन्यांची.
"हाक मारली की ही बी बघत न्हाई. आता उशीर न्हाई करायचा."
पहिल्यांदाच कुणी कॅसेट नाही, बाळ घेऊन आलं.