धुऊन दिलेला डबा

मंगळवार, २० जानेवारी

लिहू लिहू म्हणत तीन महिने घालवले. वही सृष्टीची आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकलची. अर्धी कोरी राहिली म्हणून दिवाळीत मला दिली. "दादा, तू एवढा हिंडतोस आणि सांगताना निम्मं विसरतोस. लिहीत जा." बरं म्हणालो आणि पेटीवर टाकून दिली. एका बाजूला रेघा, एका बाजूला कोरं पान. कोऱ्या पानावर मधे एकदा घार काढायला घेतली होती. तिला पाय काढायचे राहिलेत.

आज लिहायला बसलो ते गॅसच्या टाकीमुळं. मायनं टाकीला सृष्टीचा लहानपणचा फ्रॉक घातलाय! झालरीचा, गुलाबी. हे काय म्हणालो तर म्हणाली, "रिकामी हाय म्हणून उघडी ठिवायची का? आल्यागेल्याला दिसती." स्वयंपाक चुलीवर, कापसाच्या पऱ्हाट्या जाळून. टाकी कोपऱ्यात पाव्हणीसारखी उभी.

जिनिंग बंद पडल्यापासून घरात काय काय बदललं ते बघत बसायचा मला नादच लागलाय. यंदा कापूस पाण्यातच गेला, जिनिंगवाल्यांनी दिवाळीनंतर आठ दिवस मशिनी फिरवल्या आणि आबांना, म्हणजे वडलांना, घरी बसवलं. माझं चाकणचं काम त्याच्या अगोदरच गेलं होतं. तेव्हापासून चहाची पत्ती दोनदा उकळते. दुसऱ्या खेपेला माय त्यात गवती चहा टाकते, म्हणजे वेगळीच चव लागते आणि कुणी काही म्हणत नाही. आबांनी हाटेलातला चहा सोडला, पण बरोबर त्याच वेळेला हाटेलासमोर जाऊन उभे राहतात. पेपर वाचायला, म्हणे. भाजीच्या जागी येसर. भाजून दळलेलं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की झाली आमटी. येसर पहिलं लग्नाकार्यात व्हायचं. मी म्हणालो, आपल्या घरी आता रोजच लग्न. आबा हसले नाहीत.

एकाच गोष्टीला कात्री नाही. सृष्टीची मेस. परभणीत होस्टेलला राहते, दहा तारखेच्या आत मेस भरावी लागते. नाही भरली तर जेवण बंद. जेवण बंद म्हणजे सृष्टी घरी. आणि घरी आली की वालूरचं स्थळ टपूनच बसलंय. त्यांना शिकलेली नको, लवकर पाहिजे.

मेस दर महिन्याला भरली जाते. कुठून, ते आबा विचारत नाहीत. मी विचारलं तर माय म्हणते, "नरसिंहाला काळजी."

बुधवार, २१ जानेवारी

परभणीला काम विचारायला निघालो होतो. पेडगाव स्टेशनात मालगाडीचे डबे मोजत बसलो. अठ्ठावन्न. पॅसेंजर तेवढ्यात गेली.

शनिवार, २४ जानेवारी

माय दर शनिवारी पोखर्णीला नरसिंहाला जाते. नवस आहे, अकरा शनिवार. सकाळी पहिल्या गाडीनं जाते, दिवस कलता येते. येते तेव्हा पाय ओढत येते. दर्शनाला एवढं दमतं का माणूस?

आज सहज कॅलेंडर बघितलं, यंदाचं आणि त्यामागं लटकलेलं गेल्या वर्षाचंही. माय शनिवारच्या खाली कुंकवाचं बोट उठवते. मोजले. आजचा बारावा!

म्हणालो, "माय, अकरा झाले की."

"एक हुकला होता."

"एकबी हुकला न्हाई. बोटं हायेत."

"तुला मालगाडीचं मोजायला जमत न्हाई, देवाचं मोजतूस," म्हणाली. हिला मालगाडीचं कुणी सांगितलं?

येताना तिनं मोठा स्टीलचा डबा आणला. डब्यात पुरणाच्या पोळ्या, खाली येळवणीची आमटी. आबा तीन पोळ्या जेवले. प्रसाद एवढा? डब्यावर मशिननं नाव टाकलेलं आहे, वाकडंतिकडं: "म्हाळसाबाई येडबा, पोखर्णी." नाव टाकणारा 'येडबा'चा ये आधी विसरला असावा, नंतर वर बसवलाय. घार राहिली बाजूला, कोऱ्या पानावर मी तो ये काढत बसलो.

गुरुवार, २९ जानेवारी

पोखर्णीला जाऊन आलो. मायचा गुडघा सुजलाय आणि डब्यावरच्या त्या म्हाळसाबाईला शुक्रवारी डबे लागतात. माय म्हणाली, "नुसता फिरायलास, तर हेवढं देऊन ये. देवळामागं पत्र्याचं शेड हाय. गाठ सोडू नको." डबा फडक्यात बांधून दिला. खरं तर तीच जायला परवडते, एसटीत बायांना अर्धं तिकीट.

गाठ सोडू नको म्हणल्यावर कोण सोडणार नाही?

परभणीच्या स्टँडवर, पुढच्या गाडीत बसल्यावर सोडली. एवढ्या मोठ्या डब्यात तळाला सुपारीएवढा गुळाचा खडा. म्हणलं, राहून गेला असल. सकाळी कोराच चहा पिऊन निघालो होतो. खाल्ला.

मग वाटलं, डबा चिकट देणं बरं दिसत नाही. चाकणला मेसचा डबा न घासता दिला की मेसवाली काकू दिवसभर बोलायची. देवळाजवळच्या नळावर माती लावून असा घासला की तोंड दिसावं. पुसला, फडक्यात बांधला.

म्हाळसाबाई साठीच्या पुढची, आवाज जाड. तिनं झाकण काढलं. आत बघितलं. मग डबा उलटा करून तळहातावर आपटला.

"कमलचा लेक का तू?"

"हो."

"तिनंच असा धाडला?"

"मी धुतला," म्हणालो.

तिनं झाकण परत लावलं. मग म्हणाली, "मायला सांग, समजलं म्हणावं."

चांगलं वाटलं. कामाचं कौतुक कुणाला नको?

शेडमधे बाया पंगतीच्या पोळ्या लाटत होत्या, नवसवाल्यांची पंगत होती. सहा पोळपाट, पाच बाया. पोळी लाटून अशी हातावरून तव्यावर टाकतात की तव्याला कळत नाही. तासभर बघत उभा होतो. सहावा पोळपाट मोकळाच, त्यावर लाटणं आडवं ठेवलेलं. कुणीतरी पाण्याला गेली असेल.

घरी येऊन मायला सांगितलं, समजलं म्हणाली. माय म्हणाली, "काय समजलं?" ते मलाही कळलं नाही.

शनिवार, ३१ जानेवारी

माय दुपारीच परत आली. डबा नाही. पाय धुतले आणि भाकरी घेऊन जेवायला बसली. शनिवारचा उपास असून!

आबांनी विचारलं, एवढ्या लवकर? म्हणाली, गर्दी नव्हती.

कॅलेंडरवर बोट उठवलं नाही.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज आबा हाटेलासमोर गेल्यावर मायजवळ जाऊन बसलो आणि विचारलंच. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

नवस सुरू केला तो खराच होता, म्हणाली. पहिल्या शनिवारी देवळामागं पाणी प्यायला गेली तर म्हाळसाबाईला एक बाई कमी पडली होती. माय बसली लाटायला. मग दर शनिवारी. हात चांगला म्हणून शनिवारच्या आगाऊ सांगितलेल्या मोठ्या पंगतीही मिळायला लागल्या. सृष्टीची मेस म्हणजे त्या पोळ्या. आबांना सांगायची सोय नव्हती. जिनिंग बंद झालं त्या दिवशीच ते म्हणाले होते, आमच्या घरची बाई दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायची न्हाई.

"मंग मी म्हणलं, चूल देवाची हाय," माय म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. परवा शेडमधे तिच्या पोळपाटावर दुसरी बाई बसलेली होती. म्हाळसाबाई म्हणाली, मी कोण उठवणार, तूच तर रिकामा डबा धाडलास. संबंध तोडायचा तर तोंडानं सांगायचं होतंस. घासून-पुसून कशाला?

"मी गूळ घातला होता," माय म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं. "वाटंत सांडला का रे?"

"असल," म्हणालो.

आता लिहिताना कान तापलेत. भरून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. काहीच नसलं तर चिमूट साखर, चार शेंगा, नाहीतर दोन दाणे. हे मला माहीत नव्हतं असं नाही! लहानपणी आमच्या गल्लीत वाटीत शेंगा घालून पोचवायला मीच असायचो, वाटेत दोन कमी व्हायच्या, पण दोन राहायच्या. चार वर्षं मेसचे डबे घासले आणि तेवढंच नेमकं डोक्यातून धुऊन गेलं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

गुळाचा डबा उघडून बघितला. तळाशी मुंगीसुद्धा नाही. तो शेवटचा खडा होता.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सकाळी कॅनॉलच्या बाजूला बोरीखाली गेलो. हात सोलून निघाले, पण आमच्या घरचा डबा काठोकाठ भरला. पिकली बोरं खाली, लाल वर. मधे मेंढरांचा वाडा उतरलेला दिसला, एक कोकरू दोन आयांना प्यायला बघत होतं आणि दोघी लाथा मारत होत्या. ते बघण्यात पहिली गाडी गेली. दुसरीनं पोखर्णी.

म्हाळसाबाई शेडमधली चूल लिंपत होती. डबा खाली ठेवला आणि एका दमात म्हणून टाकलं, "मावशी, गूळ मी खाल्ला."

तिनं वर बघितलं नाही. "कुठं?"

"परभणीच्या स्टँडवर."

"गोड होता?"

"लय."

"आन् मंग घासलास."

"मेसला घासून देतेत."

ती एवढी हसली की खोकला लागला, मातीचे हात तसेच गुडघ्यावर. तिच्या त्या हसण्यानं मला रागवण्यापेक्षा जास्त लागलं. मग खोकला थांबल्यावर म्हणाली, "तिकडं डबा इकत घेतेत, बाबा. म्हणून मोकळा देतेत. इथं कुणी कुणाला इकलाय?"

मी म्हणालो, मग मायला परत बसवा. दहा तारखेचं सांगितलं, सृष्टीचं सांगितलं, वालूरचंही. तिनं सगळं ऐकलं. एक बोर उचललं, फोडून अळी आहे का बघितलं, खाल्लं.

"जागा दिलीया मी. त्या बाईला काय म्हणून उठवू? तिलाबी पोट हाय." मग विचारलं, "मायला सांगितलंस, तूच खाल्लास म्हणून?"

मी डब्यातली बोरं सारखी करायला लागलो.

"अगोदर तिथं सांग. डबा राहू दे हितं."

गाडीत उभा राहून आलो. बसायला जागा होती तरी.

मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. परातीतलं पीठ जरा बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला ठाव हाय. सांडला असता तर फडक्याला चिकटला असता."

म्हणजे सोमवारपासून माहीत होतं! आणि मी कधी सांगतो ते बघत होती.

शनिवार, ७ फेब्रुवारी

माय गेली नाही. आबा म्हणाले, "आज शनिवार हाय. देव सोडला का?"

"नवस फिटला," माय म्हणाली आणि अंगण झाडायला गेली. झाडलेलंच होतं.

दुपारी सृष्टीचा फोन. मायनं तिला खरं ते सांगितलं होतं वाटतं, कारण ती म्हणाली, दादा, उद्या साडेदहाच्या गाडीनं येते, बॅगा जड आहेत, स्टँडवर ये. किती बॅगा विचारलं. "सगळ्याच." मग म्हणाली, वहीत लिहितोस का? हो म्हणालो. ती म्हणाली, पहिल्या पानांवरची हाडांची चित्रं फाडू नको, लागतील कधी.

आबांनी वालूरला फोन लावायला म्हणून माझ्याकडून मोबाईल घेतला. बराच वेळ हातात धरला आणि तसाच परत दिला. म्हणाले, रेंज न्हाई. रेंज होती.

रविवार, ८ फेब्रुवारी

घाईत लिहितोय. पाण्याचा तांब्या भरायला आत आलोय आणि तो अजून रिकामाच आहे.

सृष्टीला आणायला निघणार, तेवढ्यात दारात जीप थांबली. मागं पराती, पोळपाट, मोठे तवे. पुढून उतरली म्हाळसाबाई! मानवतकडं लग्नाची पंगत आहे म्हणाली, नव्या बाईसकट सहाही जणी घेतल्या, तरी हात कमी पडायलेत. आमचा डबा तिच्या हातात होता. झाकण काढून माझ्यापुढं धरला. लख्ख घासलेला, मोकळा. "फिटंफाट," म्हणाली.

आबा ओट्यावर बसलेले. माय चुलीपुढं, तिला अजून पत्ता नाही. म्हाळसाबाईनं सरळ आबांनाच विचारलं, "कमल पोळ्यावालीचं घर हेच का?"

आबांनी जीपकडं बघितलं. पोळपाटांकडं बघितलं. मग तिच्या हातातला रिकामा डबा घेतला आणि उठून उभे राहिले.

"हेच," म्हणाले.