बाबांच्या बंदुकीचा क्रमांक

हेडे, स्वीडन
३ जुलै १९७८

ती. अल्वारदादास,
गुन्वोरचा सा. न. वि. वि.

एकवीस वर्षांनी का होईना, सप्टेंबरात एल्क हरणांच्या शिकारीला येतोस हे ऐकून बाबा दिवसभर अंगणात येरझारा घालत होते. मोठ्या खडकाजवळची तुझी जागा त्यांनी आजवर कुणाला दिलेली नाही. एलोफ भुतासाठी जागा धरून बसलाय, असं शिकारीच्या टोळीतले लोक बाबांना चिडवायचे. आता त्यांची तोंडं बंद.

डॉक्टरांनी बाबांची ही शेवटचीच शिकार म्हणून सांगितलंय. तू जाताना बाबांनी तुला स्वतःची बंदूक दिली, त्यानंतर दुसरी घेतलीच नाही. नुसते कुत्रा धरून हिंडतात. यंदा एक दिवस तीच हातात घ्यायची, एवढाच हट्ट आहे. परदेशातून बंदूक आणायला पोलिसांना यजमानाच्या सहीचं आमंत्रण लागतं, त्यात तिचा क्रमांकही. तेवढा तिच्यावरचा वाचून कळव. नेम बिघडला असेल तर तेही कळव, म्हणजे आत्ताच हसून घेते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो बंदुकीसारखा जपून आण.
गुन्वोर

पर्थशायर, स्कॉटलंड
१९ जुलै

चि. गुन्वोरला अनेक आशीर्वाद.

क्रमांक २८८१६. बंदुकीचा बोल्ट काढून वेगळा, काडतुसं वेगळ्या कुलपात, असा सगळा सरंजाम घेऊन बोटीने येईन. दस्त्यावर त्यांनी कोरलेली खूणसुद्धा तशीच आहे म्हणून बाबांना सांग. माझ्या नेमाची काळजी तू करू नकोस.

अल्वार

हेडे, २ ऑगस्ट

दादा, सा. न.

बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सहीआधी आमंत्रण मी वाचून दाखवलं. क्रमांकापाशी त्यांनी थांबवलं, पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाले की ही माझी नव्हे. वर्षानुवर्षं परवान्यावर लिहिलेला आकडा ते विसरतील असं तुला वाटलंच कसं? ती कुठे आहे? खोटंच बोलायचं होतं, तर निदान मला विश्वासात घ्यायचंस. मी जुना आकडा वाचला असता.

गुन्वोर

पर्थशायर, १४ ऑगस्ट

चि. गुन्वोर,

इथल्या इस्टेटीवरच्या नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात बाबांची बंदूक मालकांच्या नजरेत भरली. नाही म्हणायची छाती झाली नाही. भेट म्हणून देऊन टाकली. ती त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेली असते आणि दर नाताळात तिच्याखाली उभा राहून मी पाहुण्यांचे कोट घेतो. तशीच दुसरी मिळवली, खूण माझ्या हाताने कोरली. मला माझी लाज वाटते. बाबांना सांगू नकोस.

अल्वार

हेडे, २५ ऑगस्ट

चि. अल्वार यास,

मी सांगतोय, गुन्वोर लिहितेय. तुझं पत्र मीच तिच्याकडून वाचून घेतलं. तिच्यावर रागावू नकोस.

आमंत्रणावर सही केली आहे, तुझ्याच आकड्यावर. ठरल्याप्रमाणे ये. मोठ्या खडकाची जागा काल टोळीसमोर शेजारच्या एव्हर्टला दिली. तू पाहुण्यांमध्ये उभा राहा.

मी रानात येणार नाही. माझी बंदूक दुसऱ्याच्या भिंतीवर आहे.

आशीर्वाद आहेत, ते देऊन झाले, परत मागत नाही.
एलोफ