पुरचुंडीत काय आहे

४ फेब्रुवारी

चि. नाक्यास, आजीचे पोटभर आशीर्वाद.

डोकं मानेला घट्ट बसवलेलं आहे म्हणून बरं, नाहीतर तेही तू कुठल्यातरी खुंटीवर विसरून आला असतास. गेल्या खेपेचे डबे चार परत आले, झाकणं तीन. चौथं काय खाल्लंस? आणि पुरचुंडीत काय होतं ते कळवायचं तू सलग दुसऱ्यांदा विसरलास. पाच वर्षांचा होतास तेव्हापासूनचा खेळ हा: मी फडक्यात काहीतरी बांधायचं आणि तू गाठ न सोडता नुसत्या वासानं ओळखायचं. मला अक्षर येत नाही, घरातला प्रत्येक डबा मी नाकानं वाचते. ही विद्या तुझ्या बापाला जमली नाही, तुला जमली. तिच्याच जोरावर गॅस भरायच्या कारखान्यात बढती मिळवलीस. भरलेल्या सिलिंडरांच्या रांगेतून फिरायचं, एकेकावर वाकून वास घ्यायचा आणि गळका असेल तो बाजूला काढायचा. मुकादम म्हणे सगळ्यांदेखत म्हणाला, यंत्राहून याचं नाक भारी. हे मी गल्लीत चौघींना ऐकवलंय. पाचवी हाताला लागत नाहीये.

या खेपेला भाजलेले दाणे, लिंबाचं लोणचं आणि लोकरीचे मोजे पाठवतेय. मोजे पायात घाल, खिशात नको. मागल्या महिन्यात आठ दिवस तापानं पडला होतास, अजून अंगात कसर असेल.

पत्र शेजारच्या मास्तरीणबाई लिहून घेतायत. माझ्या प्रत्येक वाक्याला त्या इस्त्री करतात, तेव्हा कुठं सुरकुती दिसली तर ती माझी समज.

लोभ आहेच, तो डब्यासारखा अर्धा परत पाठवू नकोस.
तुझी आजी

९ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

खाऊ मिळाला. दाणे दोन दिवसांत फस्त. इतके चविष्ट तू आजवर भाजले नव्हतेस, खोलीतल्या सोबत्याला मी एकही दिला नाही. झाकण सापडलं की पाठवतो. पुरचुंडी सामानात कुठंतरी राहिली, रागावू नकोस.

काम वाढलंय. गळती शोधायचं यंत्र महिनाभर बंद आहे. दुरुस्तीचं विचारलं तर मुकादम म्हणतो, तू आहेस ना. ताप केव्हाच गेला, तब्येत ठणठणीत आहे.

आईला नमस्कार. आशीर्वाद असू दे.
तुझा नाक्या

१४ फेब्रुवारी

चि. नाक्यास, आशीर्वाद.

एक चूक कबूल करते, हसू नकोस. दाण्यांचे दोन डबे होते, एक ताजा आणि एक गेल्या पावसाळ्यातला, टाकून द्यायचा म्हणून बाजूला ठेवलेला. त्या दिवशी मला सर्दी झाली होती, त्यात बांधाबांधीची घाई, आणि तुला गेला तो जुना. डब्याच्या तळाला मूठभर उरले होते ते काल मास्तरीणबाईंच्या शेळीपुढं टाकले. ही शेळी त्यांचं वर्तमानपत्र खाते, एकदा त्यांची चप्पलही खाल्लीन. तिनं दाणे हुंगले आणि तोंड फिरवलं. मग मी हुंगले. खवट, इतके खवट की डोळ्यांत पाणी आलं.

आणि तू लिहितोस, इतके चविष्ट आजवर भाजले नव्हतेस.

पहिल्यांदा मी खूप हसले. म्हटलं, आजीचं मन राखायला शिकला. रात्री मात्र जेवण अर्ध्यावर टाकून उठले. सोबत नवी पुरचुंडी आहे. गाठ न सोडता सांग, लगेच सांग, आणि ती सामानात हरवू देऊ नकोस. बाकी खाऊ तुझ्या आईनं भरलाय, त्यात माझं नाक नाही.

ख्यालीखुशाली कळव, खरी.
तुझी आजी

१९ फेब्रुवारी

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

आजी, तू म्हातारपणी लबाड झालीस. पुरचुंडीत तांदूळ. तांदळाला कधी वास असतो का? तरी ओळखले, आता तरी मान.

दाण्यांचं म्हणशील तर तुझं मन मोडू नये म्हणून तसं लिहिलं. घाईत आहे, गाडी भरायची आहे.

तुझा नाक्या

२३ फेब्रुवारी

चि. नाक्या,

तांदूळच होते. पण खेळात तुला चकवायला म्हणून ते तीन आठवडे आधीपासूनच मी दालचिनीच्या डब्यात निजवले होते, मग एकेक काडी वेचून काढली. पार्सल गाडीवर नेऊन दिलं तेव्हा कंडक्टरनं विचारलं, आजी, दालचिनीचा धंदा काढला काय? त्याच्या नाकाला बंद खोक्यातून कळलं, आणि तू फडकं सोडून डोळ्यांनी बघितलंस.

तुझं नाक गेलंय. तापात गेलं ना? दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर मी म्हटलं असतं, स्वस्तात सुटलास, माणसांच्या घामापासून सुटका झाली. पण तुझ्या नाकाखालून रोज किती सिलिंडर जातात आणि ते कुणाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसतात, हे तुला मी सांगायला नको.

मुकादमाला सांग. हे पत्र वाचून झाल्याझाल्या ऊठ आणि सांग.
आजी

२६ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न.

हो, तापात गेलं. वाटलं, चार दिवसांत परत येईल. दोन महिने होत आले. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. जेवताना तिखट तेवढं जिभेला चावतं.

रोज चारशे सिलिंडर. मी प्रत्येकावर वाकतो, श्वास ओढतो, मान हलवतो. कान लावून फुसफुस ऐकू येते का बघतो, पण यंत्रांच्या आवाजात काय ऐकू येणार? कुणी आसपास असलं तर त्याच्या तोंडाकडं बघतो, त्यानं नाक मुरडलं की मी सिलिंडर बाजूला काढतो. गेल्या आठवड्यात मागच्या रांगेत एकाचा व्हॉल्व्ह तुटला. सगळे पळाले. मी तिथंच वाकून उभा होतो. कुणीतरी कॉलर धरून ओढलं तेव्हा कळलं.

सांगितलं तर काम जाईल, खोलीही कारखान्याचीच आहे. वीस दिवसांत यंत्र दुरुस्त होणार म्हणतात. तेवढे वीस दिवस, आजी. कुणाला सांगू नकोस. आईला तर नकोच.

तुझा नाक्या

२८ फेब्रुवारी

चि. नाक्या,

कुणाला सांगू नकोस असं तू अशा बाईला लिहितोस, जिला तुझं पत्र दुसऱ्यानं वाचून दाखवावं लागतं. मास्तरीणबाईंना कळलंय. कॉलर धरून ओढलं, तिथं त्या थांबल्या आणि चष्मा पुसत बसल्या. तुझी आई दारात उभी होती. तिनंही ऐकलं. आत जाऊन शेगडी बंद केलीन आणि सिलिंडरपाशी वाकून बसली. उठेचना.

मुकादमाच्या नावानं मी पत्र लिहवून घेतलंय, खाली माझा अंगठा आहे. परवा सकाळच्या गाडीनं ते निघेल. त्याआधी बोललास तर ते तुझं बोलणं, नंतर बोललास तर माझी चहाडी. निवड तुझी.

काम गेलं तर घरी ये. इथं जमीन आहे, अंथरूण आहे आणि टोमणे फुकट आहेत.
आजी

३ मार्च

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

मुकादमाकडं तुझं पत्र पोचायच्या आत बोललो. मुकादम म्हणाला, आवाज खाली घे. मग म्हणाला, यंत्र येईपर्यंत फिरत राहा, कुणाला काय कळतंय? मी फिरलो नाही. रांगेतच उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं. मग भरणीवाल्यानं चावी बंद केली, एकेकानं हातमोजे काढले. आज कारखाना बंद आहे. माझं काय होणार ते ठाऊक नाही, ते विचारायलाही सवड नाही.

कारण सोमवारची सिलिंडरची गाडी निघून गेली होती. टेकडीखालच्या वस्तीत दोनशे चाळीस सिलिंडर, सगळे माझ्या नाकाखालून गेलेले. साबणाच्या पाण्याच्या बादल्या घेऊन आम्ही चौघं आज सकाळपासून घरोघर जातोय. व्हॉल्व्हवर फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का बघायचा. आत्तापर्यंत ऐंशी घरं झाली, सहा गळके निघाले. एका घरातली म्हातारी म्हणाली, वास कालपासून येतोय, पण कारखान्यातून तपासून आलेला, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

एकशे साठ घरं उरलीत. बऱ्याच घरांना कुलपं आहेत, माणसं कामावर गेलेली. ती संध्याकाळी परत येतील आणि आल्या आल्या दिव्याचं बटण दाबतील. आम्ही प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा केलाय. मी दाराला नाक लावतो, सवयीनं, आणि मग सोबतच्याच्या तोंडाकडं बघतो.

तिकडं सगळ्यांना नमस्कार. पत्र बादलीवर पाटी ठेवून लिहितोय, अक्षराला हसू नका.

तुझा नातू

ता. क. वस्तीत कुणालाही काडी ओढू द्यायची नाही, आणि दोनशे चाळीस घरांत मुलं उपाशी आहेत. गाडीवर मिळेल तेवढं पाठव. दाणे, पाव, केळी, काहीही चालेल. फक्त जे शिजवावं लागेल, गरम करावं लागेल, असं काही पाठवू नकोस.