बघू म्हणजे?

३ मार्च, मंगळवार

आज दवाखान्यात माझा आवाज चढला. बाहेर बाकावर बसलेल्यांनीही ऐकलं असणार. चढणारच ना! पडदे शिवणाऱ्या त्या बाई — जुलैमध्ये स्तनात हरभऱ्याएवढी गाठ घेऊन आल्या होत्या. आज लिंबाएवढी. आठ महिने पत्ता नाही!

"परत का नाही आलात?"

"तुम्हीच म्हणालात ना, बघू."

"मग? बघू म्हणजे बघायचं!"

त्या नुसत्या हसल्या. सबब, दुसरं काय! स्वतःच्या जिवाची पर्वा नाही आणि खापर आमच्या डोक्यावर. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

४ मार्च

जुना कागद काढला. माझंच अक्षर — 'लहान गाठ. बघू.' पुढची तारीख नाही, तपासणी नाही.

८ मार्च, रविवार

लेक सकाळपासून मागे लागली होती, मांजर पाळू या. मी कपाट आवरत होते. म्हटलं, बघू.

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि खेळायला निघूनही गेली. रुसली नाही, काही नाही!

मी मागून ओरडले, "अगं, बघू म्हणजे बघू!"

"आई, तुझं बघू मला पाठ आहे."

नवरा पेपराआडून खुसखुसत होता. मला हसू येईना.

जुलैतला तो दिवस आठवतोय. बाहेर तोबा गर्दी, चहा गार झालेला, आणि बाई आपल्या पुन्हा पुन्हा विचारतायत, "काही वाईट नाही ना?" मला त्यांना कटवायचं होतं. त्यांनी ऐकण्यात काहीच चूक केली नव्हती. लाज वाटते स्वतःची.

११ मार्च

कर्करोगच. पण अजून हाताबाहेर गेलेला नाही. लगेच ऑपरेशन केलं तर बाई वाचतील.

त्यांना बोलावलं, शेजारी बसवलं, माझं चुकलं म्हणून माफी मागितली. सगळं नीट सांगितलं — काय कापणार, टाके कधी काढणार, किती दिवस मशीनवर बसायचं नाही. सोमवारी सकाळी आठला या. एकदाही 'बघू' म्हणाले नाही! त्यांनी रिपोर्टची पडद्यासारखी चौपदरी घडी घातली. "बरं," म्हणाल्या.

१६ मार्च, सोमवार

अकरापर्यंत खाट रिकामीच. शेवटी फोन केला. पलीकडे शिलाई मशीनचा खडखडाट.

"बाई, आम्ही वाट बघतोय. निघा ना आत्ता. उद्या आलात तरी करू!"

मशीन थांबलं.

"बघू, डॉक्टर," त्या म्हणाल्या.